आईच्या तासांचा हिशेब

अध्यक्ष महोदय, मंडळाचे कार्यकर्ते आणि भगिनी-बंधूंनो,

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातून आले आहे. परदेशातल्या तुमच्या या मंडळाने पाठवलेल्या पत्रात 'मुलांना वाढवताना घरगुती व्यवसाय' असा विषय दिला होता. गेली चौदा वर्षे मी लोणची, मसाले आणि सणावारी लागणारे गोड पदार्थ घरी करून विकते आहे, आणि माझी दोन्ही मुले त्या बरण्यांच्या आवतीभोवतीच मोठी झाली. या विषयावरच्या चर्चा बहुधा भांडवल, कर्ज आणि जाहिरात यांच्याभोवती फिरतात. आज मला मुख्यतः तासांबद्दल बोलायचे आहे, कारण लहान मुलाच्या आईजवळचा वेळ तिच्याजवळच्या पैशाच्या कितीतरी आधी संपतो, आणि त्या वेळेचा हिशेब घरात कोणीच ठेवत नाही. बहुतेकदा ती स्वतःही ठेवत नाही.

गोव्यात पावसाळ्याच्या बेगमीला 'पुरुमेंत' म्हणतात. शब्द पोर्तुगीजांकडून आला, पण काम आमच्या आयाआज्यांचे. एप्रिल-मे महिन्यांत आमसुले वाळवायची, कैऱ्या मिठात घालायच्या, आंब्याफणसाची साटे, म्हणजे रसाच्या पोळ्या, उन्हात घालायची, मिरच्या आणि सुके मासे भरून ठेवायचे, म्हणजे जूनपासून सप्टेंबरपर्यंत घर निर्धास्त. घरापुरते ठेवून उरलेले म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जात असे आणि आजही जाते. म्हार्दोळला श्रीमहालसेच्या देवळाबाहेर जाईच्या माळा घेऊन बसणाऱ्या बायका तुमच्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. त्यांच्यातल्या कित्येकजणींनी कळ्या खुडताना, माळा गुंफताना मूल मांडीवरच सांभाळलेले असते. म्हणजे मुले वाढवता वाढवता घरातून कमावणे आमच्या भागात नवे नाही. फरक इतकाच पडला आहे की पूर्वी या कामाला कोणी व्यवसाय म्हणत नसे आणि आज तसे म्हणण्याची हिंमत काहीजणी करतात.

माझी सुरुवात मिस्कुटाने झाली. मिस्कूट म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचे मोहरी-मेथी-हिंग घातलेले आमच्याकडचे लोणचे. धाकटी तेव्हा अकरा महिन्यांची होती आणि मोठा बालवाडीत जात होता. शेजारच्या वहिनींनी मुंबईच्या पाहुण्यांसाठी दोन बाटल्या मागितल्या, पाहुण्यांनी आणखी सहा मागितल्या, आणि त्या उन्हाळ्यात मी दहा किलो कैऱ्यांची पहिली मोठी खेप घातली. चाळीस बाटल्या भरल्या. साहित्य आणि बाटली मिळून एकीला ३८ रुपये पडले होते. मी ५० रुपयांना विकली आणि बाटलीमागे १२ रुपये सुटले म्हणून समाधानात होते. माझी नणंद बँकेत काम करते. तिने वहीवर नजर टाकली आणि विचारले, "वहिनी, यात तुमचे तास कुठे आहेत?" आम्ही दोघींनी बसून मांडणी केली. कैऱ्या धुऊन पुसून कोरड्या करणे, मिठातल्या कैऱ्या रोज वरखाली करणे, मसाला भाजून कुटणे, बाटल्या उकळत्या पाण्यातून काढून वाळवणे, भरणे, चिठ्ठ्या चिकटवणे, असे सगळे मिळून बारा तास होत होते. सुटलेल्या ४८० रुपयांतून गॅस आणि बसभाड्याचे १६० वजा केल्यावर ३२० उरले. बारा तासांचे ३२०, म्हणजे तासाला २७ रुपयेसुद्धा नाहीत. त्या बारा तासांतले बहुतेक तास मी मुले झोपल्यावर, माझ्या झोपेतून काढलेले होते.

त्या संध्याकाळपासून मी किंमत ठरवण्याची रीत बदलली. साहित्य, बाटली, गॅस, वाहतूक आणि फुटतूट यांच्या बरोबरीने माझ्या प्रत्येक तासाची मजुरी मी खर्चातच धरते आणि त्यावर नफा लावते. आपल्या मजुरीलाच नफा समजणे ही घरगुती व्यवसायातली सर्वांत महागडी चूक आहे, आणि ती मी जवळजवळ प्रत्येक नव्या बाईच्या वहीत पाहते. किंमत वाढवल्यावर काही गिऱ्हाइके सुटली. "घरीच तर करता, मग एवढे कशाला?" असेही ऐकावे लागले. त्याचे मला तेव्हा फार वाईट वाटले होते आणि आजही वाटते, कारण घरी केलेल्या कामाला मोल नसते अशी समजूत त्या एका वाक्यात भरलेली आहे. माझ्याकडून वर्षभर उधारीवर माल नेऊन शेवटी अर्ध्या बाटल्या परत आणून देणाऱ्या एका दुकानदाराच्या बोलण्यातही तीच समजूत होती. तेव्हापासून मी रोखीनेच माल देते.

आता मुलांकडे वळते. नोकरीतल्या आईचे तास सलग असतात, घरून व्यवसाय करणाऱ्या आईचे तुकड्यातुकड्यांत येतात, आणि कोणते काम कोणत्या तुकड्यात बसते हे तिला शिकावे लागते. बाटल्या पुसणे, चिठ्ठ्या लावणे, मागण्या लिहून घेणे ही कामे मूल शेजारी खेळत असताना होतात. मसाला भाजायला घेतला की मात्र मध्येच उठता येत नाही. मिरची कुटताना तर तान्हे मूल घरातच नको, इतका त्याचा खकाणा लागतो. उकळत्या पाण्याचे टोप आणि रांगते मूल एका स्वयंपाकघरात कधीही असू नयेत. हे मी नियम म्हणून सांगते आणि त्याला अपवाद करू नका अशी कळकळीची विनंती करते. माझी धाकटी एकदा गरम टोपापासून हातभर अंतरावर पोहोचली होती. त्या दिवशी मी काम बंद केले आणि पंधरा दिवस चूल पेटवली नाही.

आणखी एक अडचण हंगामाची. आमच्याकडच्या बऱ्याच शाळा दुपारी दीडच्या सुमारास सुटतात, तेव्हा एरवी सकाळ तरी हाती लागते. परंतु आंबा, कोकम, फणस आणि काजू या साऱ्यांचा जोर एप्रिल-मे महिन्यांत असतो आणि नेमकी त्याच हंगामात मुलांची उन्हाळ्याची सुट्टी येते. वर्षाची निम्मी कमाई ज्या आठ आठवड्यांत करायची त्याच आठवड्यांत घर भरलेले असते. चतुर्थीचेही तसेच. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, आणि लाडवांना सर्वांत मोठी मागणी गणपतीच्या आठवड्यात, आणि आपल्याही घरी तेव्हा गणपती, पाहुणे आणि गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधण्याचे काम. हा पेच कोणत्याही प्रशिक्षणवर्गात सोडवून मिळत नाही. तो सुटतो तो घरातल्या माणसांनी तास वाटून घेतले तरच.

भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ विनामोबदला घरकामात जातो असे दिसले. घरकामात हात घालणाऱ्या पुरुषांचा आकडा ९७ मिनिटे होता. पाच तास एकीकडे आणि दीड तासाहून थोडासा जास्त दुसरीकडे. या पाच तासांच्या वर जर व्यवसायाचे तास चढवायचे असतील, तर पाचांतले काही कोणाला तरी उतरवून घ्यावे लागतील. माझ्या घरी हे आपोआप झाले नाही. सासूबाईंनी प्रथम दुपारचे दोन ते चार मुलांना स्वतःकडे घेतले आणि त्या दोन तासांत आलेल्या-गेलेल्याला "ती कामात आहे" असे सांगायला सुरुवात केली. त्यांच्या त्या तीन शब्दांनी मला जेवढे बळ दिले तेवढे कोणत्याही कर्जाने दिले नाही. पुढे यजमानांनी संध्याकाळचा अभ्यास आणि रात्रीचे जेवण आपल्याकडे घेतले. पहिले काही महिने आमटी खारट झाली, अभ्यास राहिला, आणि मला मध्ये न पडण्याचा संयम ठेवावा लागला.

आपल्याकडच्या मोठ्या उदाहरणांतही तासांची ही जाण दिसते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभी राहिली. तिथली सर्वांत शहाणी योजना मला ही वाटते की भिजवलेले पीठ बाईने घरी न्यायचे, आपल्या सवडीने पापड लाटायचे आणि दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे. मूल पाळण्यात असतानाही मजुरी मिळवण्याची वाट त्यातून निघाली. दुसरे नाव आमच्या गोव्याच्या मातीतले आहे. प्रेमाताई पुरव गोव्यात जन्मल्या, कोवळ्या वयात गोवा मुक्तिलढ्यात उतरल्या, पुढे मुंबईत कामगार चळवळीत काम करू लागल्या. गिरणी कामगारांसाठी घरोघरी खाणावळ चालवणाऱ्या बायका भांडीकुंडी गहाण टाकून सावकाराचे देणे फेडत आहेत हे त्यांनी पाहिले आणि १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना करून त्यांना बँकेच्या कर्जाचा रस्ता मोकळा करून दिला. मुंबईच्या गिरणगावाचे पोट ज्यांनी भरले त्या बायका लेकरे सांभाळूनच डबे भरत होत्या, आणि तरीही प्रेमाताईंसारखी कोणी उभी राहीपर्यंत त्यांना व्यावसायिक म्हणून कोणी ओळखले नाही.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात सांगते. भारतात खाद्यपदार्थ विकायचे तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते; मी केली तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला साधी नोंदणी पुरत असे आणि शुल्क १०० रुपये होते. नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक वेष्टनावर छापावा लागतो. लहान उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली आणि ती विनाशुल्क आहे. त्याच वर्षी आलेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, इतके बँकेच्या कर्जाला जोडलेले अनुदान ठेवलेले होते.

गोव्याच्या कायद्यातली एक गोष्ट मात्र मी सविस्तर सांगेन, कारण तुमच्यातल्या अनेकींची घरे आणि लग्ने गोव्याशी जोडलेली आहेत. आमच्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली समाईक मालमत्तेची पद्धत आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी धरली जाते. १९६१ च्या आयकर कायद्यात याला धरूनच ५-अ हे कलम घातले गेले: ज्यांना ही पद्धत लागू आहे अशा जोडप्याचे पगाराखेरीजचे उत्पन्न करासाठी दोघांत समान विभागायचे. म्हणजे माझ्या लोणच्याच्या नफ्याचा अर्धा भाग यजमानांच्या हिशेबात आणि त्यांना मिळणाऱ्या घरभाड्याचा अर्धा माझ्या हिशेबात. काहीजणींना हे ऐकून वाटते की आपल्या कष्टाचे अर्धे गेले. मला त्याची दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. या कायद्याने, घरातल्या बाईचा वाटा तिने रोख कमावले असो वा नसो, निम्मा मानला आहे. मग तिच्या तासांचा वाटाही त्याच मापाने मोजायला घरातल्यांनी का कचरावे? कायदा असला तरी वही, बँकेचे खाते आणि नोंदणी स्वतःच्या नावावर ठेवा, आणि विवरणपत्र भरताना गोव्याची पद्धत जाणणाऱ्या सल्लागाराकडे जा.

इथल्या भगिनींची स्थिती आमच्यापेक्षा अवघड आहे याची मला जाणीव आहे. दुपारी दोन ते चार मुलांना पाहणाऱ्या सासूबाई इथे नसतात, शेजारी मूल सोडून जाण्याची सोय नसते. काही देशांत पतीच्या व्हिसावर आलेल्या स्त्रीला व्यवसाय करण्याची परवानगीच नसते. घरच्या स्वयंपाकघरातून विक्री करण्याचे नियमही गावागणिक बदलतात. त्यामुळे पहिली बरणी भरण्याआधी या दोन गोष्टींची लेखी खात्री करून घ्या. मूल लहान असताना या चुका निस्तरायला लागणारा वेळ तुमच्याकडे नसेल.

मंडळाकडे मात्र माझे मागणे आहे. काल संध्याकाळी मी इथल्या पाच-सहा जणींशी बोलले. त्यांच्यापैकी दोघी दिवाळीच्या फराळाच्या मागण्या घेतात. मागण्या शेवटच्या आठवड्यात येतात, पैसे दिवाळीनंतर मिळतात, आणि आपल्यातलेच लोक भाव पाडून मागतात. मंडळाने फराळाच्या मागण्या दिवाळीच्या चार आठवडे आधी लेखी गोळा कराव्यात, निम्मी रक्कम आगाऊ द्यावी आणि ठरलेल्या भावात घासाघीस होणार नाही हे सभासदांना आधीच कळवावे. त्या चार आठवड्यांत शनिवारची सकाळ याच सभागृहाच्या मागच्या खोलीत मुलांसाठी उघडी ठेवावी. ज्येष्ठ सभासदांपैकी चार आजी-आजोबांनी आळीपाळीने तिथे बसायचे कबूल केले, तर त्या दोघींना सलग चार तास मिळतील. आज मध्यंतरात मी दाराशी वही घेऊन बसणार आहे. ज्यांना एखादा शनिवार देता येईल त्यांनी आपले नाव आणि तारीख तिच्यात लिहावी.