पावसाबरोबर येणारा इन्फ्लूएंझा

मित्रहो, इन्फ्लूएंझा हा थंडीतला आजार आहे ही समजूत आपल्याकडे पाठ्यपुस्तकांतून आली, आणि ती पुस्तके युरोप-अमेरिकेतल्या अनुभवावर लिहिलेली होती. तिकडे हिवाळ्यात साथ येते आणि उन्हाळ्यात विषाणू जवळजवळ दिसेनासा होतो. भारतात पुणे, मुंबई, कोलकाता, दिल्ली या शहरांत साथीचा मुख्य जोर जुलै ते सप्टेंबर, म्हणजे ऐन पावसाळ्यात असतो. चेन्नईला ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मिळतो, तेव्हा तिथला जोरही तेवढा पुढे सरकतो. श्रीनगरमध्ये मात्र साथ जानेवारी ते मार्च या काळात येते. एका देशात इतकी वेळापत्रके असतील, तर ‘फ्ल्यूचा हंगाम’ हा शब्दप्रयोग एकवचनी वापरणे मला चुकीचे वाटते.

थंड आणि कोरड्या हवेत हा विषाणू अधिक काळ तग धरतो, हे प्रयोगांतून दिसले आहे. पण जगभरच्या नोंदी एकत्र पाहिल्यावर असेही आढळते की जिथे हवा कधीच पुरेशी थंड आणि कोरडी होत नाही, तिथे साथ सर्वाधिक पावसाच्या महिन्यांना धरून येते. पावसाळ्यात माणसे बंद जागेत अधिक वेळ एकत्र असतात हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण. माझ्या मते ते अपुरे आहे, कारण दाट वस्तीच्या शहरांत गर्दी बाराही महिने असते.

बाहेरून आलेला विषाणू इथे कसा पसरतो, हे इतिहासात स्पष्ट दिसते. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून साथ आत शिरली. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागले होते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेने देशभर असा संहार केला की मृत्यूंचे बहुतेक अंदाज एक कोटीच्या वर जातात. १९५७ ची साथ सिंगापूरहून मद्रासला आलेल्या जहाजातून उतरली. २००९ ची साथ विमानांतून आली, आणि त्या ऑगस्टमध्ये पुण्याने तिचा देशातला पहिला मृत्यू पाहिला. त्या साथीचा विषाणू, म्हणजे ‘स्वाइन फ्ल्यू’ म्हणून ओळखला गेलेला एच१एन१ हा उपप्रकार, पुढे हंगामी विषाणू होऊन इथेच राहिला व २०१५ मध्ये पुन्हा मोठ्या प्रमाणात उसळला.

आता उत्क्रांतीकडे वळू. या विषाणूचा जनुकसंच आरएनए या डीएनएसारख्या रेणूचा, आठ तुकड्यांत विभागलेला आणि जेमतेम साडेतेरा हजार जनुकीय अक्षरांचा असतो. त्याची नक्कल करणारे विकर (एन्झाइम) चुका दुरुस्त करत नाही, त्यामुळे बदल साचत जातात. दोन वेगळे विषाणू एकाच पेशीत शिरले तर तुकड्यांची अदलाबदलही होते. २००९ चा विषाणू अशाच अदलाबदलीतून डुकरांमध्ये घडला. बदल नेमका कुठे महत्त्वाचा ठरतो ते प्रयोगशाळेत डोळ्यांनी दिसते. खळग्यांच्या प्लेटमध्ये विषाणू आणि तांबड्या रक्तपेशी एकत्र केल्या, की विषाणूच्या पृष्ठभागावरचे हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन त्या पेशींना एकमेकींत गुंतवते आणि खळग्यात फिकट थर पसरलेला राहतो. आधीच्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे शरीराने तयार केलेली संरक्षक प्रथिने, असलेला रक्तद्रव घातला आणि ती या विषाणूला अजून ओळखत असली, तर ही जोडणी अडते आणि पेशी तळाशी लहान लाल ठिपका होऊन बसतात. रक्तद्रव पातळ करत जाताना तो ठिपका किती खळग्यांपर्यंत टिकतो, हे मोजायचे. नव्या नमुन्याच्या बाबतीत तो फार लवकर नाहीसा झाला, की समजावे, विषाणूने रूप बदलले आहे.

सगळे विषाणू सारख्या वेगाने बदलत नाहीत, आणि उष्ण कटिबंधाचे महत्त्व इथेच कळते. नऊ हजारांहून अधिक विषाणूंच्या हिमॅग्लुटिनिनचा जनुकीय क्रम ताडून पाहणारा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एच३एन२ हा उपप्रकार झपाट्याने बदलतो, प्रौढांनाही वारंवार गाठतो, आणि प्रौढ माणसे अधिक प्रवास करतात. म्हणून त्याचे नवे वाण पूर्व व आग्नेय आशियातून निघून वर्षागणिक जगभर पोहोचतात आणि जुन्यांची जागा घेतात. २००९ पूर्वीचा हंगामी एच१एन१ आणि इन्फ्लूएंझाच्या बी गटाचे विषाणू मात्र मंद गतीने बदलत होते, मुलांमध्ये अधिक आढळत होते, आणि त्यांचे काही वंश भारतासारख्या प्रदेशात अनेक हंगाम स्थानिक पातळीवरच टिकून राहिले. म्हणजे आपण केवळ बाहेरच्या साथीचे ग्राहक नाही. विषाणूची काही उत्क्रांती आपल्या गावांत आणि शाळांत घडते, आणि जिथून नमुने येत नाहीत तिथली ती नोंदवली जात नाही.

लसीचा प्रश्न याला थेट जोडलेला आहे. लसीत कोणते वाण घ्यावेत याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा करते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. नकाशावर भारत उत्तर गोलार्धात आहे, पण त्या गोलार्धाची लस शरद ऋतूत हाती येते, तोवर पुण्या-मुंबईतली साथ ओसरत आलेली असते. मोसमी पावसाच्या प्रदेशांत एप्रिल-मेमध्ये, दक्षिण गोलार्धासाठी ठरलेली लस देणे सयुक्तिक आहे. काश्मीरसाठी ऑक्टोबरच योग्य. गर्भवती स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेह किंवा दम्याचे रुग्ण यांच्या बाबतीत ही तारीख चुकली, तर लस घेऊनही ऐन साथीत त्यांना पुरेसे संरक्षण नसते, कारण प्रतिपिंडे तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात आणि पुढच्या महिन्यांत त्यांचे प्रमाण घटत जाते.