बूथला दार होतं

मंडळी, परगावी फोन लावायचे एसटीडी बूथ तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहेत. आपल्या नागपुरात बर्डीवर, धंतोलीत, मेडिकल चौकात ती पिवळी पाटी दिसायची. आत लाकूड-काचेची खोली, माणूस जेमतेम उभा राहील एवढी. दार ओढून घ्यायचं, समोर मीटरवर लाल आकडे पळायचे. रात्री दर उतरले की बाहेर रांग लागायची. रांगेतल्यांना आतल्याचे हातवारे दिसत, पण शब्द ऐकू येत नसत. बापाला नापास झाल्याचं सांगणारं पोर काचेआड रडून घ्यायचं आणि डोळे पुसून बाहेर यायचं.

३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलून देशातल्या मोबाइल सेवेची सुरुवात केली. तेव्हा आलेल्या कॉललाही पैसे पडत, म्हणून लोक मोजकं बोलत. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं, बोलणं वाढलं. फोन खिशात आला, दार मात्र बूथबरोबरच गेलं.

मला आज बोलायचंय ते स्पीकरबद्दल. मागच्या पावसाळ्यात धंतोलीत एका डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. आठ-दहा माणसं होती. शेजारच्या गृहस्थांच्या एका हातात एक्स-रेचं पाकीट, दुसऱ्या हातात ओली छत्री. फोन वाजला. त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि अंगठ्याने स्पीकर लावला. पलीकडे त्यांची बहीण होती. ती म्हणाली, ‘दादा, यायनं पुन्हा दागिना गहाण टाकला ना जी,’ आणि रडायला लागली. आम्ही सगळे खाली फरशीकडे पाहायला लागलो. एका बाईंनी उगाच पर्स उघडली. त्या गृहस्थांचं काही वाईट मनात नव्हतं, हात अडकले होते एवढंच. पण त्या बहिणीला वाटत होतं, आपण भावाच्या कानात बोलतोय. ती दहा अनोळखी माणसांसमोर रडत होती, आणि हे तिला आजही माहीत नसेल.

आपण नेहमी म्हणतो, मोठ्याने बोलणाऱ्याचा आजूबाजूच्यांना त्रास होतो. होतोच. एकाच बाजूचं बोलणं कानावर आलं की मन दुसरी बाजू जुळवत बसतं, पुस्तकातली ओळ पुढे सरकत नाही. पण त्याहून मोठा अन्याय पलीकडच्या माणसावर होतो, असं मी त्या दिवसापासून मानतो. त्याचं दुखणं, कर्ज, सुनेशी झालेलं भांडण त्याने आपल्याला विश्वासाने सांगितलेलं असतं. ते मेट्रोच्या डब्यात उघडं करायचा हक्क आपल्याला कोणी दिला?

एक्स्चेंजमधून जोडून मिळणाऱ्या ट्रंक कॉलच्या काळात ओरडावं लागे, ती सवय आपल्या पिढीच्या गळ्यात राहिली. आता गरज नाही. फोनचा माइक हळू बोललेलंही पकडतो. भोवती गलका असला की नकळत आवाज चढतो, तेव्हा बाजूला जाऊन बोलावं, नाहीतर ‘नंतर करतो’ म्हणावं. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना स्पीकर लागतोच, त्यांच्यावर कोणी डोळे वटारू नयेत. त्यांनी एवढंच म्हणावं, ‘स्पीकरवर आहेस बेटा, इथं माणसं आहेत.’ गाडी चालवताना हेल्मेटमध्ये फोन खुपसणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही. त्यासाठी कायदा आहे आणि तो योग्यच आहे.

आणि टोकायचं कसं? खापरीच्या मेट्रोत एक मुलगा मोठ्या आवाजात रील पाहत होता. समोरच्या आजी वाकून म्हणाल्या, ‘बाळा, आवाज जरासा कमी करतो का? डोकं दुखून राहिलं माझं.’ त्याने लगेच ‘सॉरी आजी’ म्हणत फोन बंद केला आणि त्यांची पिशवी सीटखाली नीट सरकवून दिली. हेच कोणी तावातावाने म्हटलं असतं, तर एअरपोर्ट स्टेशनपर्यंत भांडण चाललं असतं.

मी स्वतः एक बदल केला. फोन लावला की आधी विचारतो, ‘कुठं आहेस? बोलता येईल?’ परवा अमरावतीच्या बहिणीला विचारलं. ती म्हणाली, ‘बसमध्ये आहे, उतरले की करते.’ चाळीस मिनिटांनी तिचा फोन आला. तिने जे सांगितलं, ते बसमध्ये सांगण्यासारखं नव्हतं. आम्ही तासभर बोललो.