चौकोन सरकताना

(पडदा काळा. फक्त आवाज: करर्र... टक्‌टक्‌... करर्र.)

ओळखीचा वाटतोय का हा आवाज?

२००० सालच्या आगेमागे ज्यांच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला, त्यांना तो झोपेतही ओळखता येईल. पीसी स्लो झाला की शेजारचा जाणकार दादा यायचा, माऊस हातात घ्यायचा आणि म्हणायचा, "डीफ्रॅग लावून ठेवतो. रात्रभर कुणी हात लावू नका."

(विंडोज ९८ ची खिडकी. रंगीत चौकोनांच्या रांगा.)

मग हार्ड डिस्कवरच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या कायमच्या साठ्यातल्या, फाईलींची ही आवराआवर सुरू व्हायची. इथला चौकोन उचल, तिथे ठेव. ११ टक्के. बराच वेळ ११ टक्केच. घरातली मंडळी जेवणं आटोपून यायची, तोवर १२.

हे चौकोन म्हणजे नेमकं काय, ते बघायला पत्र्याच्या डब्यात शिरावं लागेल.

(उघडलेली हार्ड डिस्क, अगदी जवळून.)

आरशासारखी चकचकीत तबकडी. तिच्यावर आडवा येणारा बारीक हात, आणि हाताच्या टोकाला वाचणारं-लिहिणारं हेड. तबकडी फिरत असताना हेड तिला टेकत नाही, हवेच्या पातळ थरावर तरंगतं. आयबीएमनं १९५६ मध्ये पहिली हार्ड डिस्क आणली, तेव्हा तिच्यात २४ इंची ५० तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून साधारण ५० लाख अक्षरं मावत. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही तिथे बसला नसता. पुढे तबकड्या लहान होत गेल्या, जागा अफाट वाढली. पण माहिती आणायला हातानं जायचं, हे काही बदललं नाही.

आता थोडा हिशेब, कारण सगळी गंमत त्यातच आहे. घरगुती पीसीतली चांगली डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा फिरत हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, चार मिलिसेकंदांच्या थोडं वर. त्याआधी हाताला योग्य वर्तुळावर पोचायला आठ-नऊ मिलिसेकंद. एका उडीचे झाले बारा-तेरा. फाईल सलग असेल, तर एका उडीत हात पोचतो आणि मग नुसतं वाचत जातो. त्याच फाईलचे ५०० तुकडे डिस्कभर विखुरलेले असतील, तर सहा सेकंद फक्त जाण्यायेण्यात गेले.

(एसटी स्टँड. लाल गाडीत चढणारी गर्दी.)

आणि तुकडे का पडतात? गाडी डेपोतून रिकामी निघते तेव्हा पाच जणांचं कुटुंब सलग बसतं. पुढच्या थांब्यावर दोन उतरतात, तिसऱ्यावर एक. मध्ये मध्ये सीटा रिकाम्या. आता दुसरं पाच जणांचं कुटुंब चढलं, की आजी ड्रायव्हरच्या मागे, आई खिडकीशी, पोरं शेवटच्या बाकावर. जागा मिळाली सगळ्यांना, पण कंडक्टरला एका कुटुंबाची तिकिटं फाडायला गाडीभर फिरावं लागतं.

डिस्कवरच्या एका सीटेला क्लस्टर म्हणतात. पडद्यावरचे चौकोन म्हणजे याच सीटा. कोणती फाईल कोणत्या क्लस्टरमध्ये बसली आहे, याची यादी विंडोज ठेवतं. विंडोज ९५ आणि ९८ च्या काळात ती यादी म्हणजे 'फॅट', फाईल अलोकेशन टेबल. डीफ्रॅग म्हणजे धावत्या गाडीत सगळ्यांना उठवून कुटुंबं पुन्हा एकत्र बसवणं. त्यासाठी थोड्या सीटा मोकळ्या हव्यात. विंडोज एक्सपीचं डीफ्रॅग म्हणूनच १५ टक्के मोकळी जागा मागायचं. गच्च भरलेल्या गाडीत कुणालाच सरकता येत नाही.

(डॉसचा निळा पडदा.)

मायक्रोसॉफ्टनं हे साधन १९९३ मध्ये एमएस-डॉस ६.० या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमसोबत दिलं, तेही सिमँटेक या कंपनीकडून परवाना घेऊन. विंडोज २००० मधलं डीफ्रॅगही मूळ दुसऱ्याचंच, एक्झिक्युटिव्ह सॉफ्टवेअरच्या 'डिस्ककीपर'ची छोटी आवृत्ती. विंडोज ९८ नं मात्र एक हुशारी केली होती. तुम्ही कोणते प्रोग्राम सारखे उघडता यावर ते लक्ष ठेवायचं आणि त्यांच्या फाईली ज्या क्रमानं लागतात त्याच क्रमानं मांडायचं.

त्याच विंडोज ९८ चा एक छळही होता. डीफ्रॅग चालू असताना मागे कुणी डिस्कवर काही लिहिलं, अगदी स्क्रीनसेव्हर जागा झाला तरी, ते म्हणायचं, डिस्कवरचं बदललंय, आता पहिल्यापासून. आमच्याकडे त्यात भारनियमनाची भर. ६० टक्क्यांवर वीज गेली, की घरात दोन क्षण शांतता आणि मग माझ्याकडे वळलेले सगळ्यांचे चेहरे. सुरू कुणी केलं होतं? मी.

खरंच फरक पडायचा का? भरलेल्या, वर्षानुवर्षं न आवरलेल्या डिस्कवर पडायचा, जाणवेल इतका. पण स्पष्ट सांगायचं तर कितीतरी घरांतला पीसी तुकड्यांमुळे स्लो नव्हताच. ६४ एमबी रॅमवर, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या जागेवर, पाच गोष्टी उघडल्या, की उरलेला पसारा विंडोज डिस्कवर नेऊन टाकायचं आणि हात दिवसभर तोच वाहत बसायचा. त्यावर डीफ्रॅगचा उपाय नव्हता. तरी आम्ही लावायचो, कारण कॉम्प्युटर एरवी आतलं काहीच दाखवत नाही आणि इथे तो काम करताना दिसत होता. शेवटी ठरलेलं वाक्य यायचंच: "फॉरमॅट मारून टाक."

(विंडोज व्हिस्टा. साधी खिडकी, चौकोन नाहीत.)

व्हिस्टानं चौकोन काढून टाकले. कामाला वेळ ठरला बुधवारी पहाटे एकचा. बऱ्याच घरांत तेव्हा पीसी बंद, तो भाग वेगळा. ६४ एमबीपेक्षा मोठे तुकडे जोडायचंही त्यानं सोडून दिलं, आणि ते बरोबरच होतं. एवढा तुकडा नुसता वाचायलाच सेकंदभर लागतो, त्यापुढे एका उडीचं काय कौतुक?

(हिरवी सर्किटपट्टी. बोटाएवढी एसएसडी.)

आणि मग हातच गेला. एसएसडी म्हणजे तबकडीऐवजी चिपांवर माहिती ठेवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काही नाही. लांबचा तुकडा आणि जवळचा तुकडा, दोन्ही सारखेच हाताशी. शिवाय विंडोजला फाईल सलग दिसली, तरी आतला कंट्रोलर ती वेगवेगळ्या चिपांवर पसरवून ठेवतो, कारण प्रत्येक पेशी ठरावीक वेळाच लिहू-पुसू देते. तिथे जुन्या पद्धतीचं डीफ्रॅग पुन्हा पुन्हा चालवणं म्हणजे सगळ्यांना विनाकारण उठवून बसवणं, आणि सीटा झिजवणं.

विंडोज ७ एसएसडी ओळखून तिच्यापुरतं नेमलेलं डीफ्रॅग बंद ठेवायला शिकलं. विंडोज ८ मध्ये नावच बदललं, 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्‌ज'. बटण एकच, पण समोर एसएसडी असेल तर मुख्य काम 'ट्रिम'चं होतं. आपण फाईल डिलीट करतो तेव्हा विंडोज फक्त यादीत खूण करतं. सीट रिकामी झाली, हे एसएसडीला कळलेलंच नसतं. ट्रिम ते कळवतो. सवडीनं ती जागा पुसून ठेवली जाते आणि पुढचं लिहिणं अडत नाही. त्यामुळे हे बटण दाबायला भिऊ नका. भ्यायचं ते दहा वर्षं जुन्या सल्ल्यावर बेतलेल्या, फुकट मिळणाऱ्या 'पीसी फास्ट करा' छापाच्या प्रोग्रामांना.

(टेबलावर जुनी ८० जीबीची डिस्क. वायर जोडणारे हात.)

फिरणारी डिस्क अजून असेल, तर महिन्यातून एकदा विंडोजला त्याचं काम करू द्या. फक्त आधी कान लावून ऐका. वाचतानाची करकर ठीक. एका लयीत, घड्याळासारखी टक्‌टक्‌ येत असेल, तर डिस्क शेवटच्या घटका मोजत असेल, डीफ्रॅगचं नाव काढू नका. त्यात हाताला सगळ्यात जास्त धावावं लागतं. आधी फोटो, कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या.

सुरुवातीला ऐकलात तो आवाज याच डिस्कचा. कपाटातून काढली, जुन्या पीसीला लावली, एक्सपी उघडलं. फोटो उतरवून झाल्यावर 'ॲनालाइझ' दाबलं. लाल रेघांनी पट्टी भरली आणि खाली निरोप आला: हे व्हॉल्यूम डीफ्रॅगमेंट करायला हवं.

आम्ही 'क्लोज' दाबलं.

(टक्‌... टक्‌... टक्‌. पडदा काळा.)