नारिंगी टॉन्सिल्स

नमस्कार श्रोतेहो. कोलेस्टेरॉल वाढल्याची काळजी घरोघरी असते. आज मात्र चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, जवळजवळ नसतंच अशा एका दुर्मीळ आजाराविषयी बोलू.

अमेरिकेत व्हर्जिनियाजवळ, चेसापीक उपसागरात टँजियर नावाचं चिमुकलं बेट आहे. खेकडे धरून पोट भरणाऱ्यांची वस्ती, बाहेर पडायचं तर होडी. १९६०च्या सुमारास तिथल्या एका लहान मुलाचे टॉन्सिल्स डॉक्टरांनी पाहिले, तर ते चक्क नारिंगी! सुजून लाल झालेले नाहीत, पांढरे ठिपके पडलेले नाहीत, पिवळट नारिंगी. तपासले तर आत कोलेस्टेरॉल ठासून भरलेलं. बातमी बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत डॉ. डोनाल्ड फ्रेडरिक्सन यांच्याकडे गेली. ते स्वतः बेटावर पोचले. मुलाच्या बहिणीला तोंड उघडायला लावलं, आणि तिचेही टॉन्सिल्स नारिंगीच! दोघांच्या रक्तात एचडीएल जवळजवळ शून्य. पुढे त्या बेटाचंच नाव आजाराला मिळालं.

डॉक्टरांनी असं रुग्णाच्या घरी जाणं मला फार मोलाचं वाटतं. आणि घसा दुखतोय म्हटल्यावर बॅटरी लावून ‘आ कर’ म्हणणारा डॉक्टर मी कधी सोडणार नाही. गोळ्यांची चिठ्ठी नंतर, आधी घसा!

तर, पेशीतलं जास्तीचं कोलेस्टेरॉल बाहेर काढून द्यायला एक प्रथिन लागतं. त्याचं जनुक १९९९मध्ये सापडलं, एबीसीए१. ते आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेलं आलं, तर आजार होतो. मग एचडीएल बनत नाही आणि कोलेस्टेरॉल पेशींतच साचतं. पुन्हा सांगते, रक्तात कमी, पेशींत जास्त. यकृत आणि प्लीहा वाढतात. नसा बिघडतात, हातापायांना मुंग्या येतात, काहींना तव्याचा चटकाही कळत नाही. हृदयविकाराचा धोकाही वाढतो. आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही.

नात्यात लग्नं होतात तिथे अशा आजारांची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी सोयरीक ठरवताना आपल्याकडे हे कुणी विचारतं का? विचारायला हवं.

रिपोर्टमध्ये एचडीएल पाचच्या खाली दिसलं, तर ‘कोलेस्टेरॉल कमी आहे, छान’ म्हणून कागद बाजूला ठेवू नका. डॉक्टरांना दाखवा, आणि घसाही तपासून घ्या. नमस्कार.