रेडिचची बुलेट, जुन्या नाशकातली जावा

नमस्कार श्रोतेहो.

नाशिकच्या सातपूरमधल्या टूलरूममधून मी इंग्लंडात कॉव्हेंट्रीला नोकरीसाठी गेलो, त्याला तीन आठवडे झाले होते. रविवारची सकाळ, आभाळ भरलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. चहाचा कप घेऊन खिडकीत उभा होतो आणि लांबून एक आवाज आला. एकेक ठोका सुटा मोजता येईल असा. लहानपणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी हा आवाज आला, की आई गॅसवर चहाचं आधण ठेवायची आणि म्हणायची, "दार उघड रे, मामा आला." मी तसाच सपाता घालून खाली धावलो. कोपऱ्यावरून गाडी वळली. करड्या रंगाची, टाकीवर बारीक सोनेरी रेघ, मोठ्या दिव्याच्या दोन्ही अंगांना ते दोन छोटे दिवे. बुलेटच होती. चालवणारे गृहस्थ सत्तरीचे होते. मला तसं उभं पाहून त्यांनी मान हलवली आणि ते पुढे गेले.

त्या दिवसापर्यंत बुलेट म्हणजे मद्रासची, हेच मला ठाऊक होतं. ती मूळची रेडिचची. बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला हे गाव आहे आणि ते पूर्वी ओळखलं जायचं सुयांसाठी. शिवणाच्या सुया! रॉयल एनफिल्डचं मूळ तिथल्या एका सुयांच्याच कारखान्यात आहे. सुयांवरून सायकली, सायकलींवरून बंदुकांचे सुटे भाग आणि 1901 पासून मोटरसायकली. बुलेट हे नाव 1932 सालचं. आपल्या लष्कराला सरहद्दीवर फिरायला दणकट गाडी हवी होती, म्हणून ती इकडे आली आणि 1955 मध्ये मद्रासला कंपनी उभी राहिली. पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला. मद्रासचा चालूच राहिला.

मग मी एक वही केली. दिसली गाडी, की तारीख, ठिकाण, नंबर आणि काय ओळखलं ते लिहायचं. सहा वर्षांत तीन वह्या भरल्या. ओळखायचं कसं, हे हळूहळू कळत गेलं. तिथे 1963 पासून नंबराच्या शेवटी वर्षाचं अक्षर येऊ लागलं. 1963 ला ए, 1964 ला बी, 1965 ला सी. म्हणजे पाटीवरूनच गाडीचं वय निघतं. मात्र पाटीवर पूर्ण विसंबायचं नाही, कारण जुना नंबर नव्या गाडीवर चढवायला तिथे परवानगी आहे. म्हणून पाटीनंतर पाय बघायचे, चालवणाऱ्याचे. जुन्या इंग्लिश मोटरसायकलींचा गिअर उजव्या पायाला असतो आणि ब्रेक डाव्या. अमेरिकेने 1970 च्या दशकाच्या मध्यावर गिअर डावीकडेच हवा असा नियम केला आणि सगळ्यांना तसं बदलावं लागलं. आपल्याकडे बुलेटचा गिअर त्यानंतरही कितीतरी वर्षं उजवीकडेच होता. ज्यांनी ती चालवलीय, त्यांचा उजवा पाय आजही आपोआप गिअर शोधतो.

आणि वास. निळसर धूर, जळक्या ऑइलचा गोडसर वास आला, की समजायचं टू-स्ट्रोक आहे, म्हणजे पेट्रोलबरोबर ऑइलही जाळणारं इंजिन. जावा मोटरसायकल असेल, लॅम्ब्रेटा नाहीतर व्हेस्पा स्कूटर असेल. डोळ्यांच्या आधी नाक सांगतं.

उन्हाळ्यात तिकडे संध्याकाळी उशिरापर्यंत उजेड असतो. गावाबाहेरच्या एखाद्या पबच्या पटांगणात आठवड्यातल्या एका ठरलेल्या वारी जुन्या मोटरसायकली जमतात. तिकीट नाही, भाषण नाही. गाडी उभी करायची, चहाचा मग घ्यायचा आणि एकमेकांच्या गाड्यांभोवती फिरायचं. फिरताना हात पाठीमागे बांधलेले. ही तिथली रीत मला फार आवडली. मालकाने विचारल्याशिवाय कुणी टाकीला बोटसुद्धा लावत नाही. लहान मुलंही हात मागे बांधूनच वाकून बघतात.

अशाच एका संध्याकाळी ते करड्या बुलेटवाले गृहस्थ पुन्हा दिसले. मी हात मागे बांधून वाकलो आणि म्हणालो, "हा छोटा लिव्हर न्यूट्रलचा ना?" त्यांनी मान वर केली. एनफिल्डच्या जुन्या गिअरबॉक्सला न्यूट्रल शोधायला वेगळा लिव्हर असतो. टाचेने दाबला, की गाडी पहिला सोडून कुठल्याही गिअरमधून थेट न्यूट्रलला येते. हे तिथल्या तरुण पोरांना माहीत नव्हतं. मी सांगितलं, की आमच्या मामांच्या बुलेटवर मी हे दहाव्या वर्षी शिकलो. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "मग चालू करा बघू."

मामांनी शिकवलं होतं तसंच केलं. किक सावकाश दाबत न्यायची, ती कडक लागली की थांबायचं. डिकॉम्प्रेसर, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा छोटा लिव्हर, ओढून पिस्टन जेमतेम पुढे सरकवायचा, डिकॉम्प्रेसर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग सगळं वजन टाकून एकच किक. ती एका किकमध्ये चालू झाली. ते काही बोलले नाहीत. गाडीच्या बॅगेतून एक पुठ्ठ्याचं खोकं काढून त्यांनी माझ्यापुढे धरलं. आत क्लचच्या प्लेटा होत्या आणि खोक्यावर छापलं होतं मद्रास. रेडिच बंद झाल्यावर त्यांच्या गाडीला लागणारे कितीतरी भाग आपल्याकडून येऊ लागले. 1977 पासून तर अख्ख्या बुलेटच मद्रासहून इंग्लंडला जायला लागल्या. ज्या गावाने गाडी जन्माला घातली, तिथली जुनी गाडी मद्रासच्या प्लेटांवर चालत होती. ते खोकं हातात धरून मी बराच वेळ उभा होतो. घरापासून इतक्या लांब माझ्या माणसांच्या हातचं काहीतरी माझ्या हातात होतं.

मोटारींचंही असंच. स्टँडर्ड हेराल्ड आठवते का? ती मूळ ट्रायम्फ हेराल्ड, 1959 ची, कॉव्हेंट्रीतच कॅनलीला तयार होणारी. माझ्या खोलीपासून कॅनली सायकलने जाण्याएवढं जवळ. तिचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे कलतं आणि आख्खं इंजिन उघडं पडतं. एका मालकांना मी नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या आमच्या शेजाऱ्यांच्या हेराल्डचा फोटो दाखवला. त्यांनी तो तीनदा मोठा करून पाहिला. चार दारांची हेराल्ड त्यांनी जन्मात पाहिली नव्हती, कारण ती फक्त भारतात बनली. अ‍ॅम्बॅसडरची थोरली बहीण मॉरिस ऑक्सफर्ड मला सहा वर्षांत दोनदाच दिसली. तिकडे तिसऱ्या मालिकेची ती गाडी 1950 च्या दशकातच थांबली आणि आपल्याकडे तिचाच अवतार 2014 पर्यंत निघत राहिला. फियाट मात्र इटलीतच पाहावी. तुरीनजवळच्या एका गावात फियाट अकराशे उभी दिसली आणि मला कसारा घाट आठवला. बॉनेट उघडं टाकून, रेडिएटरवर ओलं फडकं टाकून, वाफ निवायची वाट बघत ओळीने थांबलेल्या फियाट.

तिकडे गाडी चाळीस वर्षांची झाली, की तिला रस्त्याचा कर माफ होतो. आपल्याकडेही 2021 मध्ये केंद्राने नियम केला. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी असेल तर तिची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. वीस हजार रुपये शुल्क आणि दहा वर्षांची मुदत. मात्र ती रोजच्या वापरासाठी नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. या नियमाचं मला मनापासून समाधान आहे. पण तो माझ्या उपयोगाचा राहिला नाही. परदेशी जाताना आमच्या वडिलांची जावा मी भंगारात दिली होती. वजनावर. ते दुःख माझ्याबरोबर आहे.

म्हणून परत आल्यावर दर रविवारी सकाळी मी जुन्या नाशकात पायी फिरतो. भद्रकाली, सरकारवाड्याच्या मागचा भाग, पंचवटी. उघड्या दारांतून देवड्या दिसतात आणि देवडीत ताडपत्रीखाली काहीतरी असतं. ताडपत्रीच्या आकारावरून ओळखता येतं. चेतक स्कूटर असेल तर मागे फुगवटा दोन्हीकडे. जावा असेल तर खालून दोन सायलेन्सर डोकावतात, एकाच सिलिंडरचे दोन.

दोन वर्षांपूर्वी एका वाड्यात असे दोन सायलेन्सर दिसले. मी दारातूनच हाक मारली. आजी बाहेर आल्या आणि आधीच म्हणाल्या, "ह्यांची गाडी आहे. विकायची नाही." मी म्हटलं, "आजी, विकू नका. नुसती बघू द्या." हात पाठीमागे बांधूनच बघितली. म्हैसूरची जावा, मरून रंगाची, टाकीवरचा क्रोम अजून शाबूत.

ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी अशी गाडी उभी असेल, तर कृपा करून लगेच किक मारू नका. आधी आर.सी. बुक शोधा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. प्लग काढून त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या आणि मग इंजिन हाताने, अगदी हलकेच फिरवा. कोरड्या सिलिंडरमध्ये अडकलेला पिस्टन जोर लावून हलवला, तर रिंगा तुटतात आणि मग बोअर करण्यावाचून, म्हणजे सिलिंडर आतून तासून घेण्यावाचून, इलाज नाही.

आजींची परवानगी मिळाल्यावर नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या एका जुन्या मिस्त्रींना मी वाड्यात घेऊन आलो. त्यांनी ती ढकलत गॅरेजवर न्यायलासुद्धा नकार दिला. "इथंच खोलू, घरच्यांसमोर," म्हणाले. पाच रविवार लागले. कार्ब्युरेटर साफ केला, पॉइंट घासले, क्लचची केबल नवी टाकली. पाचव्या रविवारी मिस्त्रींनी गिअरचा लिव्हर आत दाबून वर फिरवला. जावाचा गिअर आणि किक एकच. तिसऱ्या किकला ती पेटली आणि सगळी देवडी निळ्या धुराने भरली.

आजी उंबऱ्यात उभ्या होत्या. पदर नाकाला लावून म्हणाल्या, "अस्साच धूर करायची मेली. मी ओरडायचे ह्यांच्यावर, दांडीवरचे कपडे काळे होतात म्हणून." आणि मिस्त्रींना म्हणाल्या, "बंद नका करू इतक्यात. राहू द्या थोडा वेळ."