रेडियमचं तिकीट अन् वरचे पन्नास सेंटीम

नमस्कार मंडळी. परभणीच्या या उन्हाळ्यात एवढे जण आलात, लई बरं वाटलं. मागं आवाज येतोय ना? विषय रेडियम आणि पोस्टाची तिकिटं, पण आधी एक सांगितल्याशिवाय मला पुढं जाताच येणार नाही.

1968 साली आपल्या पोस्टानं मेरी क्युरींवर 20 पैशांचं तिकीट काढलं, त्यावर त्या आणि सोबत रेडियमच्या उपचाराचं चित्र. ते मला एका जुन्या लिफाफ्यावर सापडलेलं. एका शाळेनं प्रदर्शनासाठी मागितलं, मी दिलं. बघायला गेलो तर कार्डशीटवर फेविकॉलनं चिकटवलेलं! अहो, तिकीट हिंजनं लावतात, एवढासा घडीचा कागद असतो, नंतर अलगद निघतो. घरी आणून ताटलीत कोमट पाण्यात सोडलं, पोस्टाचा डिंक पंधरा-वीस मिनिटांत सुटतो, पण हे रात्रभर सुटेना. सकाळी सुटलं ते तिकिटाच्या पाठीचा पापुद्रा घेऊनच. आता दिव्यासमोर धरलं की मेरीबाईंच्या कपाळातनं उजेड आरपार येतो. तिकीट म्हणजे शोभेचं चित्र नाही हो, ती कुणाची तरी आठवण असते, म्हणून एवढं लागलं मला.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं म्हणतायत. बरं, भराभर घेतो.

मेरी आणि त्यांचे नवरे पिएर क्युरी यांनी 1898 च्या जुलैत पोलोनियम शोधलं, डिसेंबरात रेडियम. शोध जाहीर झाला पण हातात काहीच नव्हतं, म्हणून पॅरिसच्या गळक्या शेडमधे पिचब्लेंड म्हणजे युरेनियमच्या खनिजाचा चोथा उकळायचा, एका वेळी 20 किलोपर्यंत, आणि जवळपास स्वतःएवढ्या उंच लोखंडी दांड्यानं ढवळायचा. गुऱ्हाळात काहिलीवर उभा राहिलेल्या माणसाला विचारा दिवसअखेर खांदे काय म्हणतात, आणि इथं तर गूळ पण नाही, 1902 ला कुठं ग्रॅमचा दहावा हिस्सा रेडियम क्लोराइड हाती आलं.

आता माझा मुद्दा. 1938 ला, शोधाला 40 वर्षं झाली तेव्हा फ्रान्सनं क्युरी दांपत्याचं तिकीट काढलं, 1 फ्रँक 75 सेंटीमचं (सेंटीम म्हणजे फ्रँकचा शंभरावा भाग), पण घ्यायचं तर वर 50 सेंटीम जादा द्यायचे, ते कॅन्सरविरोधी कामाला, कारण रेडियमचा उपचार कॅन्सरवरच व्हायचा. त्यांच्या वसाहतींतही निघालं, पाँडिचेरीत सुद्धा! तेव्हा आपल्या मराठवाड्यात टपालाला निजामाची तिकिटं लागत होती. स्मरण असं पाहिजे, पत्र टाकणाऱ्याच्या खिशातून रुग्णापर्यंत पोचणारं. आपल्या पोस्टानंही रेडियमवर असं जादा रकमेचं तिकीट काढावं, मी अर्ज लिहून आणलाय, बाहेर टेबलावर आहे, सह्या करा. आज रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसनं सुद्धा कुणीतरी फाइल छातीशी धरून मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात निघालेलं असेल.

ते विरलेलं तिकीटही तिथंच ठेवलंय. बघा, पण चिमट्यानं उचला.