पान ४२५ आणि शेजारचा रकाना

नमस्कार श्रोतेहो.

२००९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहापुढे आरोग्यविमा सुधारणेचं एक विधेयक होतं, हजारावर पानांचं. त्यातलं ४२५ वं पान देशभर गाजलं. तिथे कलम १२३३ होतं. शेवटच्या आजारपणात व्हेंटिलेटर लावायचा का, आपल्याला बोलता आलं नाही तर निर्णय कुणी घ्यायचा, याबद्दल रुग्ण आपल्या डॉक्टरशी सविस्तर बोलला, तर त्या वेळेचे पैसे मेडिकेअरने डॉक्टरला द्यावेत, एवढीच तरतूद. मेडिकेअर म्हणजे मुख्यतः पासष्टीच्या पुढच्यांसाठीची सरकारी विमा योजना. आणि एक अट: गेल्या पाच वर्षांत असं बोलणं झालेलं असेल, तर एरवी पुन्हा पैसे नाहीत.

हे 'पाच वर्षं' उलटं वाचलं गेलं. दर पाच वर्षांनी म्हाताऱ्यांना सक्तीने बसवून 'आता आवरतं घ्या' असं सांगणार, असा अर्थ फिरला. ७ ऑगस्टला रिपब्लिकन नेत्या सारा पेलिन यांनी फेसबुकवर 'डेथ पॅनेल', म्हणजे कुणी जगायचं हे ठरवणारी सरकारी समिती, हा शब्द टाकला आणि मग कुणी पान उघडून बघायच्या भानगडीत पडलं नाही. मार्च २०१० मध्ये कायदा झाला तो या तरतुदीशिवाय. जानेवारी २०१६ पासून मेडिकेअर याच कामाचे पैसे डॉक्टरांना देऊ लागलं. कुठेही पॅनेल बसलं नाही.

इथे 'ध'चा 'मा' कुणी केला नव्हता. कागद खरा, पान खरं, 'पाच वर्षं' हे शब्दही खरे. फक्त आकडा कशाचा, हे सांगणारा शेजारचा रकाना कुणी वाचला नाही. अमेरिकेत आरोग्याविषयी ज्या कटकारस्थानांच्या गोष्टी टिकतात, त्यांतल्या बऱ्याच अशा खऱ्या कागदावर उभ्या असतात. त्यामुळे 'सगळं खोटं आहे' एवढं म्हणून त्या हलत नाहीत.

सर्वांत जास्त चुकीचं वाचलं गेलेलं दफ्तर म्हणजे 'व्हेअर्स'. लस घेतल्यानंतर काही त्रास झाला तर त्याची नोंद करण्याची ही व्यवस्था १९९० पासून चालू आहे. सीडीसी ही रोगनियंत्रण संस्था आणि एफडीए हे औषध प्रशासन, दोघं मिळून ती चालवतात. नोंद डॉक्टर करू शकतात, कंपनी करू शकते, रुग्ण करू शकतो, रुग्णाचा शेजारीसुद्धा करू शकतो. त्रास लशीमुळेच झाला, हे सिद्ध करावं लागत नाही. एका डॉक्टरने लशीमुळे आपण हिरवेगार, अवाढव्य हल्क झालो, अशी नोंद मुद्दाम पाठवून बघितली होती. ती दाखल झाली. पुढे अधिकाऱ्यांनी त्याला फोन करून विचारलं आणि त्याच्या संमतीने ती काढली.

हसू येतं खरं, पण हा दरवाजा सताड उघडा ठेवण्यामागे विचार आहे. लशीची चाचणी काही हजारांवर होते. दहा हजारांत एकाला होणारा त्रास तिथे दिसेलच असं नाही. लाखोंना लस दिल्यावरच तो दिसतो. म्हणून आधी आलेलं सगळं जाळ्यात घ्यायचं आणि निवडायचं नंतर. निवडण्याचं काम दुसरी व्यवस्था करते. मोठ्या रुग्णालय-समूहांच्या नोंदींमध्ये लस घेतलेले किती, न घेतलेले किती, तोच आजार दोन्हीकडे किती जणांना झाला, हे ती मोजते. व्हेअर्सच्या नोंदींत हा भागाकार होऊच शकत नाही, कारण खाली लिहायची संख्या, म्हणजे एकूण लस घेतलेले किती, हीच तिथे नसते.

आता एक हिशेब करू. कोविडच्या आधी अमेरिकेत पासष्टीच्या पुढच्या दर एक लाख माणसांमागे वर्षाला साधारण चार हजारांवर मृत्यू होत. म्हणजे दहा लाखांमागे वर्षाला चाळीस हजारांवर, आणि दिवसाला सुमारे एकशे दहा. समजा, अशा दहा लाख वृद्धांना सोमवारी लस दिली आणि लशीत नुसतं मिठाचं पाणी होतं. तरी मंगळवारी त्यांतले शंभरेक जण जाणार. पुढच्या सोमवारपर्यंत साडेसातशेच्या वर. त्या प्रत्येक घरात 'परवाच लस घेतली होती' हे वाक्य खरंच असणार. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, एवढंच. त्यात कोविड लशींना तातडीची परवानगी देताना अट अशी होती की लशीनंतर मृत्यू झाला तर कारण कोणतंही असो, आरोग्यसेवकांनी तो कळवायचाच. मग नोंदी वाढल्या, कुणीतरी त्यांची बेरीज केली आणि बेरजेला 'लशीचे बळी' असं नाव मिळालं. सरकारी संकेतस्थळावर हा तक्ता उघडण्याआधी 'या नोंदींवरून कारण ठरत नाही' अशी सूचना मान्य करावी लागते. तक्त्याचं छायाचित्र पुढे पाठवलं की सूचना मागेच राहते.

मात्र याच व्हेअर्सने चुका पकडल्या आहेत, आणि हे सांगायला डॉक्टरमंडळी उगाच कचरतात. 'रोटाशील्ड' ही बाळांच्या जुलाबावरची लस १९९८ मध्ये बाजारात आली. काही बाळांचं आतडं दुर्बिणीच्या नळीसारखं एकात एक सरकून अडकल्याच्या पंधरा नोंदी आल्या. जुलै १९९९ मध्ये लस थांबवली गेली, ऑक्टोबरमध्ये कंपनीने परत घेतली. धोका साधारण दहा हजार बाळांत एक असा निघाला. एप्रिल २०२१ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनच्या कोविड लशीचे ६८ लाख डोस देऊन झाले होते आणि एका विरळ प्रकारच्या रक्ताच्या गुठळ्यांचे रुग्ण सापडले फक्त सहा. तेवढ्यावर ही लस देणं देशभर दहा दिवस थांबवलं गेलं. जी यंत्रणा सहा रुग्णही लपवत नाही, ती हजारो लपवते असं म्हणणाऱ्याला ही गोष्ट सांगावी.

'काहीही धोका नाही' असं ठणकावून सांगितलं की इथेच घात होतो. फायझर आणि मॉडर्नाच्या एमआरएनए प्रकारच्या कोविड लशींनंतर तरुण मुलांमध्ये, विशेषतः दुसऱ्या डोसनंतर, हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा छोटा पण खरा धोका दिसला. ज्याला 'शून्य' सांगितलं होतं त्याला एक जरी रुग्ण भेटला, तरी त्याच्या लेखी सांगणारा खोटा ठरतो. मास्कचंही तेच झालं. २९ फेब्रुवारी २०२० ला देशाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याबद्दल सरकारतर्फे बोलणारे मुख्य डॉक्टर, 'मास्क विकत घेऊ नका' म्हणाले आणि ३ एप्रिलला सीडीसीने कापडी मास्क लावा म्हणून सांगितलं. मधल्या काळात लक्षणं नसलेल्यांकडूनही संसर्ग पसरतो, हे उमगलं होतं. सल्ला बदलण्यात गैर काही नव्हतं. का बदलला, हे बदलाइतक्या मोठ्या आवाजात सांगितलं गेलं नाही.

आणि काही कट खरोखर घडलेले आहेत. अलाबामातल्या टस्कीगी इथे १९३२ पासून सरकारी आरोग्य खात्याने सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांचा अभ्यास चालवला. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस हा गुप्तरोग होता. आजाराचं खरं नाव त्यांना सांगितलं नाही, त्यावरचं औषध, पेनिसिलिन, उपलब्ध झाल्यावरही दिलं नाही. हे १९७२ पर्यंत चाललं आणि वर्तमानपत्रांत आलं तेव्हा थांबलं. २०११ मध्ये ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी सीआयएने पाकिस्तानात हेपॅटायटिसच्या लसीकरणाचं सोंग उभं केलं. यापुढे लसीकरणाचा असा वापर करणार नाही, असा शब्द व्हाइट हाऊसने २०१४ मध्ये दिला. संशय घेणाऱ्याला वेडा म्हणण्याआधी हे दोन कागद टेबलावर ठेवावेत.

आता विद्यापीठांकडे येऊ. तिथेही आकडा शेजारचा रकाना सोडून वाचला गेला. ७ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार. एनआयएच, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला सर्वाधिक सरकारी पैसा देणारी संस्था, तिने जाहीर केलं की सोमवारपासून अनुदानातला अप्रत्यक्ष खर्च सरसकट १५ टक्के. या खर्चाला, म्हणजे इमारत, वीज, हिशेब अशा वरखर्चाला, विद्यापीठांत 'ओव्हरहेड' म्हणतात. हार्वर्डचा दर ६९ टक्के आहे, हे ऐकून लोक चिडले. शंभरातले ६९ डॉलर संशोधनाबाहेर जातात, असाच अर्थ कुणीही काढेल.

पण हा दर मूळ रकमेवर वर चढतो. शास्त्रज्ञाचा पगार, रसायनं, प्रवास यांचे १०० डॉलर झाले, तर त्यावर ६९ मिळतात, एकूण १६९. म्हणजे एकूण रकमेतला वाटा साधारण ४१ टक्के. तोही कागदावर, कारण महागडी यंत्रं, विद्यार्थ्यांची फी, दुसऱ्या संस्थेला दिलेल्या कामाचा मोठा भाग यांवर हा दर लागतच नाही. एनआयएचच्या त्याच पत्रकात आकडे होते: २०२३ मध्ये अनुदानं ३५ अब्ज डॉलरची, त्यातले २६ थेट संशोधनाचे, ९ ओव्हरहेडचे. नवाला सव्वीसने भागा, ३५ टक्के येतात. पस्तिसाने भागा, २६ टक्के. पैसा तोच. कुणाला काय दाखवायचंय, त्यावर आकडा ठरतो.

या नवात इमारतीचा घसारा, वीज, प्रयोगशाळेतल्या प्राण्यांची व्यवस्था, घातक कचरा, हिशेबनीस आणि संशोधनाची नैतिक छाननी करणाऱ्या समित्या येतात. टस्कीगीनंतर १९७४ च्या कायद्याने ज्यांना बळ दिलं, त्याच या समित्या. गंमत पाहा, सरकारने पुन्हा माणसांवर गुपचूप प्रयोग करू नयेत म्हणून जे पहारेकरी नेमले, त्यांचा पगार 'उधळपट्टी'च्या रकान्यात बसतो.

विद्यापीठांचेही हात सगळेच स्वच्छ नव्हते. १९९१ च्या सुमारास स्टॅनफर्डने या खर्चात एका शिडाच्या नौकेचा घसाराही लावल्याचं उघड झालं. त्यानंतर प्रशासकीय भागावर २६ टक्क्यांची मर्यादा आली, ती आजही आहे. २०२५ चा १५ टक्क्यांचा आदेश संघीय न्यायालयाने रोखला, पण ६९ हा आकडा लोकांच्या डोक्यात बसला तो बसलाच. तो बसायला जमीनही तयार होती. गॅलपच्या पाहणीत उच्च शिक्षणावर भरपूर विश्वास असलेले रिपब्लिकन २०१५ मध्ये ५६ टक्के होते, २०२३ मध्ये १९. डेमोक्रॅट ६८ वरून ५९ वर आले. घसरण दोन्हीकडे आहे, पण एका बाजूला पायऱ्या आहेत आणि दुसऱ्या बाजूला कडा.

आता पुन्हा लशींकडे. लशीची सक्ती वॉशिंग्टन ठरवत नाही. १९०५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मॅसॅच्युसेट्सच्या खटल्यात लस नाकारणाऱ्याचा पाच डॉलरचा दंड कायम केला, तेव्हापासून हा अधिकार राज्यांचा. जून २०२५ मध्ये आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी लसविषयक सल्लागार समितीचे सतराच्या सतरा सदस्य काढून टाकले, त्याची चर्चा खूप झाली. परिणाम मात्र शेवटी शाळेच्या प्रवेशाच्या खिडकीपाशी दिसतो. गोवराची साथ रोखायची तर शंभरातल्या ९५ मुलांना लस मिळालेली असावी लागते. टेक्ससच्या गेन्स काउंटीत शाळेत नव्याने येणाऱ्या मुलांमध्ये हे प्रमाण ८२ होतं. २०२५ मध्ये तिथून साथ उसळली. राज्यात ७६२ रुग्ण आणि दोन मुलांचा मृत्यू. दोघांनाही लस दिलेली नव्हती.

टेक्ससने १८ ऑगस्टला साथ संपल्याचं जाहीर केलं. लस नको असलेल्या पालकांना तोवर शाळेच्या लससक्तीतून सवलतीचा अर्ज राज्याकडून मागवावा लागे आणि तो टपालाने घरी येई. १ सप्टेंबरपासून तो संकेतस्थळावरून उतरवून घरीच छापता येतो.

नमस्कार.